शेवटचा रकाना

प्रभाकर तायडे यांच्यासमोर जयपूरचा नकाशा धरला तर ते गोंधळतात. रस्त्यांची नावं त्यांना आजही धड सांगता येत नाहीत. पण रेल्वेचा किलोमीटर सांगा, की उत्तर तयार. दोनशे सतराचा दगड, पुढे चौथा खांब, डाव्या हाताला बाभळी, बाभळींमागे गढी. सदतीस वर्षं रुळांवर काढलेला माणूस आहे. मूळचे मूर्तिजापूरचे. गँगमन म्हणून लागले, मीटरगेजची ब्रॉडगेज होत होती तेव्हा बदली होऊन इकडे आले, आणि मग कीमन झाले. कीमन म्हणजे खांद्यावर पाना टाकून आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासणारा. त्या चालण्यात जयपूरच्या चहूबाजूंच्या पडक्या गढ्या, पायऱ्यांच्या बावड्या, समाध्यांवरच्या छत्र्या, टेकड्या त्यांच्या डोक्यात जाऊन बसल्या. पुढे ते सुपरवायझर होऊन निवृत्त झाले, पण चालीतला कीमन काही गेला नाही. आजही चालताना मान खालीच असते.

मी जयंती. विमा कंपनीत होते, बदलीने आले आणि इथलीच झाले. खातीपुऱ्यात आमची भिंतीला भिंत. मी त्यांना तायडेजी म्हणते, कारण जयपुरात आडनावालाही जी चिकटतो. ते मला ताई म्हणतात. त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे आणि त्याच्या खाली, टीव्हीशेजारी, अकरा डायऱ्या आहेत. त्या डायऱ्यांवर आमच्या शहराचा निम्मा सिनेमा जगला, असं मी म्हटलं तर लोक हसतात. हसू देत.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं एक शूटिंगवाली मंडळी जुनं स्टेशन शोधत आली होती. तायडेजींनी त्यांना तीन दाखवली. तिथून सुरुवात झाली. मुंबईहून फोन यायचा, की दादा, अफगाणिस्तान पाहिजे. हे झालान्याच्या मागचा एक उघडा डोंगर दाखवायचे. कराचीची गल्ली पाहिजे, तर सीतापुऱ्यातल्या बंद कारखान्याचं मागचं आवार. एकाच टेकडीची दोनदा चंबळ झाली आणि एकदा काश्मीर. त्यावेळी वर कापूस पसरला होता, आणि तो नंतर महिनाभर बकऱ्यांच्या तोंडात दिसत होता. जयपूरच्या मातीला कुणी जयपूर म्हणून विचारतच नाही, असं ते म्हणायचे. म्हणून हसायचेही.

डायरीत प्रत्येक जागेचं एक पान. रकाने रेल्वेच्या शिस्तीने आखलेले: किलोमीटर आणि खांब, ऊन कुठून येतं, पाणी, सावली, कुणाला विचारायचं. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, ‘काय करायचं नाही’. इथे जोडे घालून चढायचं नाही. इथल्या विहिरीत वाकून बघायचं नाही. या पिंपळाखाली तोफ उडवायची नाही, वर वटवाघळं आहेत. रुळावर जसं कुठे गाडी हळू न्यायची ते लिहून ठेवतात, तसंच हे. हा रकाना ते गावकऱ्यांसमोर बसून भरायचे, वाचून दाखवायचे आणि मगच वही मिटायचे. म्हणून लोक त्यांना जागा द्यायचे. पैसेवाले दलाल आधी येऊन हात हलवत गेलेले असायचे, आणि याच जागा तायडेजींना चहा पाजून मिळायच्या.

दोनशे सतरा बाय चार म्हणजे रोहिडावास. त्या गावाची आणि यांची ओळख सिनेमाच्या कितीतरी आधीची. एका ऑगस्टमध्ये तिथे रुळाखालची माती वाहून गेली. गँगने तीन दिवस काम केलं आणि तीन दिवस गावाने बाजरीच्या रोट्या पुरवल्या. गावातले वडीलधारे गुमानजी. त्यांनी विचारलं, कुठले? हे म्हणाले, महाराष्ट्र. गुमानजींनी त्यांना नीट न्याहाळलं. मग म्हणाले, म्हणजे दखणी.

गढीच्या उत्तरेच्या बुरुजाची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. कधीकाळी दखणी फौज खंडणी मागायला आली. द्यायला काही नव्हतं. बुरुजावरच्या बारा जणांना तिथेच कापलं आणि फौजेने वर आपला झेंडा लावला. गावात अजून त्या तिथीला अगता पाळतात. त्या दिवशी चूल पेटत नाही, ताक घुसळत नाहीत, लेक सासरी पाठवत नाहीत. आणि त्या बुरुजावर पुन्हा कसलाही झेंडा चढलेला नाही. लग्नाची पताका नाही, निवडणुकीचा नाही, पंधरा ऑगस्टचा तिरंगासुद्धा शाळेच्या छपरावर.

तायडेजी म्हणाले होते, “ज्यांचा झेंडा तुमच्या बुरुजावर चढला, त्यांच्या राज्यात आमची वस्ती वेशीबाहेर होती.” गुमानजी हसले होते. म्हणाले, मतलब तुम्हीही लुटलेलेच. वेशीबाहेरची वस्ती रोहिडावासलाही होती, आणि ती तायडेजींनी पहिल्या दिवशीच पाहिली होती. पण गुमानजींनी त्यांना आपल्या खाटेवर बसवलं, आपल्या लोट्यातून पाणी दिलं. त्या लोट्याबद्दल हा माणूस वीस वर्षांनीही सांगताना थांबतो.

अडीच वर्षांपूर्वी मुंबईहून मोठा सिनेमा आला. मराठ्यांच्या उत्तरेतल्या स्वारीचा. महाराष्ट्रातले किल्ले पडलेले, जिथे उभे आहेत तिथे परवानग्या मिळत नाहीत, आणि कॅमेऱ्याची गाडी वर चढत नाही. तेव्हा आमचा इतिहास राजस्थानात. यात नवल काही नाही, आता सगळ्यांचाच असतो. तायडेजींचा मुलगा कौशिक तोवर या धंद्यात पडला होता. इथेच वाढलेला, मराठी अडखळत बोलणारा, पण कामाला वाघ. बापाच्या अकराही डायऱ्या त्याने कॉम्प्युटरवर चढवल्या, फोटो जोडले, आणि मुंबईच्या लोकांनी त्यातून बोट ठेवलं ते नेमकं रोहिडावासवर.

तायडेजी स्वतः गावात गेले. शेवटचा रकाना पुन्हा वाचून दाखवला: बुरुजावर झेंडा नाही. गुमानजी म्हणाले, “बुर्ज पै झंडो कोनी चढै. बाकी थे जाणो.” बुरुजावर झेंडा चढणार नाही, बाकी तुम्ही जाणा. इतकंच. कागद केला नाही, अंगठा घेतला नाही. तायडेजींनी मान हलवली, तोच करार.

झेंड्याचं दृश्य होतं त्या दिवशी कौशिकने वडिलांना झालान्याच्या एका ऑफिसात कसल्याशा परवानगीच्या कागदासाठी पाठवलं. ते चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले. साहेब आलेच नाहीत. घरी आल्यावर विचारलं तर कौशिक म्हणाला, झालं सगळं, झेंडा खालच्या दरवाजावर लावला. त्याच महिन्यात तायडेजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते काठीवर आले. गुमानजींना फोन लावायचे, उचलला जायचा नाही. मी म्हणायचे, कापणी चालू असेल. माझं शेतीचं ज्ञान एवढंच.

सिनेमा लागला तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळाने रविवारचा सकाळचा खेळ पूर्ण घेतला. फेटे बांधले, ढोल आणला, हॉलच्या दारात पेढे वाटले. परमुलखात राहणाऱ्या माणसाला असा एक दिवस मिळाला की तो अंगातच येतो. मी तायडेजींना हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं. अहो, तुम्ही शोधलेली जागा आहे, म्हटलं, पुढच्या रांगेत बसा.

मध्यंतराच्या थोडं आधी तो प्रसंग आला. तोफा, धूर, घोडे, आणि मग पडदाभर उत्तरेचा बुरूज. एक सैनिक दातांत काठी धरून चढला आणि वर झेंडा फडकला. अख्खा हॉल उभा राहिला. शिट्ट्या, घोषणा. मीही उभी राहिले. मी टाळ्या वाजवल्या, घोषणा दिली, माझे डोळे भरून आले. हे मी लपवणार नाही. बाजूला पाहिलं तर तायडेजी बसलेले, दोन्ही हात काठीवर. मला संताप आला. मनात आलंच, की ह्यांच्या लोकांना कुठला आलाय झेंड्याचा अभिमान. असं मनात येऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

“उठा हो,” मी म्हणाले.

“ताई,” ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “हे दोनशे सतरा बाय चार हाय.”

मग म्हणाले, “अन् तो झेंडा लावणारा गुमानजीचा पुतण्या हाय.”

मी खाली बसले. भोवती लोक नाचत होते.

त्या दुपारी भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू आलं. ऐकू येत नव्हतं तेव्हा मी गच्चीवर गेले, एवढं कबूल करते.

“मले झालान्याले काऊन पाठवलं होतं रे?”

कौशिक आधी उडवाउडवी करत होता. मग चिडला. “पप्पा, मतलब तुमच्या त्या लास्ट कॉलममुळे लोकेशन रिजेक्ट होतात. मी तो कॉलम टाकलाच नाही. एकाही लोकेशनचा नाही टाकला. कंपनीच्या फॉर्ममध्ये तसा ऑप्शनच नाहीये.”

“एकाचाही नाई?”

“आणि गावातलीच पोरं होती ना! त्यांनीच लावला. खुशीने लावला. कोणाला प्रॉब्लेम नव्हता.”

“म्या शब्द देल्ला होता.”

“शब्द तुम्ही दिला होता,” कौशिक म्हणाला. “मी नाही.”

मला कौशिकच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. पण टाळ्या वाजवलेले हात माझेच होते.

दुसऱ्या आठवड्यात मी गाडी काढली आणि त्यांना रोहिडावासला घेऊन गेले. मोटारीच्या रस्त्याने ते गाव त्यांना ओळखू येईना. रूळ दिसला तेव्हा म्हणाले, आता बरोबर. वेशीवर नवा फलक होता, सिनेमाचं नाव आणि बुरुजाचं चित्र. दोन मोटारी आधीच उभ्या होत्या. पुण्याच्या नंबरची माणसं बुरुजाखाली उभी राहून फोटो काढत होती, आणि एकाच्या हातात झेंडा होता.

गुमानजी ओट्यावर बसले होते. मी ऐकलं होतं त्यापेक्षा फार म्हातारे. त्यांनी उठून हात जोडले, खाट टाकायला सांगितली, पाणी मागवलं. पाणी स्टीलच्या नव्या ग्लासात आलं, पाहुण्याला देतात तसं. तायडेजींनी तो ग्लास हातात धरला आणि प्यायला विसरले.

“मी नव्हतो इथे,” ते हिंदीत म्हणाले. “मला पाठवलं होतं दुसरीकडे. मला आत्ता कळलं.”

“हां,” गुमानजी म्हणाले.

“तुमच्या घरच्या पोरानेच लावला. त्याला तुम्ही अडवलं का नाही?”

“पोरं आहेत. त्यांना कपडे मिळाले, तलवारी मिळाल्या. त्यांना आम्ही ते कधी नीट बसवून सांगितलं नाही.” गुमानजी जराही आवाज न चढवता बोलत होते. “तुम्हांला सांगितलं होतं.”

तायडेजींनी मान खाली घातली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबाजी, यांची काही चूक नाही, मुलाने फसवलं यांना. गुमानजींनी माझ्याकडे पाहिलं, ताई म्हणून हात जोडले आणि पुन्हा त्यांच्याकडेच वळले. म्हणाले, झालं ते झालं. गावाने बसून ठरवलं आहे. आता आम्ही वर्षात दोन अगते पाळतो. एक जुना. एक त्या दिवसाचा, झेंडा चढला त्या तिथीचा. दोन्ही दिवशी चूल नाही, ताक नाही, लेकीची पाठवणी नाही. तरुण पोरं पाळत नाहीत, पण बायका पाळतात.

“लोक विचारतात, दुसरा कुणाचा?” गुमानजी म्हणाले. “आम्ही सांगतो, प्रभाकरजींचा.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तायडेजींनी ग्लास खाली ठेवला. “त्या दिवशी मी येईन,” ते म्हणाले. “तुमच्यात बसेन. उपाशी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

गुमानजींनी बराच वेळ विचार केला, असं मला वाटलं. खरोखर विचार केला. मग त्यांनी तायडेजींच्या गुडघ्यावर, ऑपरेशनच्या, हात ठेवला.

“अगत्याच्या दिवशी गावात दखणी येत नाही,” ते म्हणाले.

परतताना तायडेजी खिडकीतून रुळाकडेच बघत होते. फाटकापाशी मालगाडी जात होती, ते मान खाली घालून आवाजावरून तिचे डबे मोजत राहिले. मी काहीतरी बडबडले, की काळ सगळं विसरायला लावतो, वगैरे. आम्ही विम्याच्या ऑफिसात विधवांना सांगायचो तसलं. त्यांनी ऐकून घेतलं.

कौशिक आता वैशालीनगरला वेगळा राहतो. त्याचं काम जोरात आहे. तायडेजींनी शोधलेल्या जागा त्याच्या कॉम्प्युटरवर आहेत, शेवटच्या रकान्याशिवाय, आणि रोज कुठली तरी मुंबईला जाते.

परवा दुपारी मी वाटीत वरणफळं घेऊन त्यांच्याकडे गेले. गॅस बंद होता. सकाळचा चहासुद्धा झालेला दिसला नाही. ते टीव्हीशेजारी खुर्चीवर बसले होते. मी वाटी पुढे केली तर म्हणाले, “आज नाई, ताई. आज दुसरा अगता हाय.”

चौथी डायरी त्यांच्या मांडीवर उघडी होती. दोनशे सतरा बाय चार. ऊन पूर्वेकडून. पाणी बावडीचं. सावली दुपारनंतर. विचारायचं गुमानजींना. शेवटच्या रकान्यात जुनी, निळ्या शाईची ओळ होती, बुरुजावर झेंडा नाही. तिच्याखाली, त्याच रेल्वेच्या शिस्तीत, नवी ओळ लिहिली होती: प्रभाकर तायडे यांनी यायचं नाही.