तिसरी मोजणी

दिगंबर गेल्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या इमारतीच्या बंद लिफ्टबद्दल बलदियाला, म्हणजे इथल्या पालिकेला, सातवे पत्र लिहीत होतो. त्याच्या पत्नी सुमनवहिनी फोनवर एवढेच म्हणाल्या, "होज हातातून सुटला, भाऊजी..." त्याला आता सहा आठवडे झाले. ते पत्र अपुरेच आहे.

इराकच्या आक्रमणानंतर कुवेत पुन्हा उभे राहत असताना आम्ही एकाच कंपनीत आलो. नाशिकचा दिगंबर अग्निशमन विभागात अभियंता, मी करार विभागात; रिग्गईत दहा वर्षे दाराला दार. कलम सांगितल्याशिवाय मी कुणाला उत्तर देत नसे, म्हणून तो मला 'वकीलसाहेब' म्हणे. शुक्रवारी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालताना पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबून तो समजावी : नळ तेवढाच सोडलेला, धार एकसारखी दिसते, पण आतला प्रत्येक थेंब अरुंद तोंडाशी येता येता वेग घेतो आणि सुटताना धरणाऱ्याला मागे ढकलतो.

यंदा कंपनीच्या सुलैबियाच्या यार्डात जोरकस पंप बसला. होजच्या, म्हणजे आग विझवायच्या पाइपाच्या, टोकाचे अरुंद नोझल जुनेच राहिले, आणि होज धरायला दोघांऐवजी एकच माणूस ठेवावा असा आदेश निघाला. दिगंबर तक्रारीचा मसुदा घेऊन आला. त्यात पानभर संताप होता, आकडा एकही नव्हता. मी तो परत केला.

"वेग मोजून आण. पुराव्याशिवाय तक्रार म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा."

"आणि वकीलसाहेब, तोवर कुणी उडाला तर?"

"तर कलम तुझ्या बाजूने असेल," मी म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो.

पिंप किती वेळात भरते ते घड्याळावर पाहायचे आणि नोझलच्या तोंडाच्या मापावरून वेग काढायचा, ही त्याची रीत. परवानगी मिळाली नसती, आणि त्या धारेशी दुसऱ्या कुणाला उभे करणे त्याला पटले नसते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच गेला. पितळी नोझल कपाळावर बसले.

अहवालात 'विनापरवाना चाचणी, मृताचा निष्काळजीपणा' असे नमूद आहे. तो खोटा ठरवील असे एकही कलम मला सापडत नाही. आदेश अद्याप लागू आहे.

परवा वहिनींनी त्याची वही आणून दिली. शेवटच्या पानावर दोन मोजण्या आहेत. दोन्हींचा वेग जवळपास सारखा. खाली त्याच्या उभट अक्षरात लिहिले आहे : 'तिसरी बाकी. वकीलसाहेब दोनांवर ऐकायचे नाहीत.'

दोन पुरेशा होत्या, दिगंबर... एकही पुरेशी होती.