ग्रुपमधून कापून काढलेले बाबा

बाबांना मोबाईलवर लिहिता येत नव्हतं असं नाही, त्यांना लिहायचंच नव्हतं. विणकराच्या घरात जन्म झाला. हातमाग बंद पडला तसे ते इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसले, आणि तिथे जी सवय लागली ती लागलीच. आपण बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. दुकानात मुनीम लिहायचा, घरी जो तावडीत सापडेल तो. "लिही वं," असा हुकूम आला की हातातलं काम टाकून मोबाईल घ्यायचा, घरच्या ग्रुपवर 'बाबा म्हणून राहिले', म्हणजे बाबा म्हणताहेत, एवढं टाइप करायचं आणि पुढे त्यांचं बोलणं उतरवायचं. मग पाठवायच्या आधी दुसरा हुकूम यायचा, "वाच."

वाचताना एक शब्द इकडचा तिकडे झाला की मेलो आम्ही. माझा भाऊ पुण्याला असतो. त्याच्यासाठी एकदा त्यांनी सांगितलं होतं, "थंडी असल तं मफलर बांध म्हणा, शायनिंग मारू नको." मी सभ्यपणा करून 'थंडीत मफलर वापर' एवढंच लिहिलं. वाचून दाखवल्याबरोबर खेकसले, "मी असं म्हटलं का? तुह्या शाळेतले शब्द माह्या तोंडात नको कोंबू." खोडून पुन्हा लिहायला लावलं. मला संताप यायचा हो. दिवसभर कळमेश्वरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून यायचं आणि घरी पुन्हा मुनीमगिरी करायची! आई मात्र मजेत लिहायची. तिच्याच स्वयंपाकाची तक्रार तिलाच लिहायला लावायचे, आणि ती हसत हसत लिहायची.

मागच्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय बऱ्यापैकी चालत होता, उजवा हात लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. तोंड उघडलं की मात्र 'ते ते ते' एवढंच बाहेर यायचं. पाणी हवं असेल तरी ते ते, पंखा बंद करायचा तरी ते ते. ज्या माणसानं जन्मभर बोलून बोलून साड्या विकल्या, लग्नाच्या खरेदीला आलेल्या कंजूष सासवांना पाघळवलं, तो ते ते करतोय, हे आम्हाला बघवत नव्हतं. त्यांना तर स्वतःचं ऐकवत नव्हतं. हळूहळू त्यांनी तेही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी घरी यायची. गोड, चिकाटीची. ती छापील कागद आणायची. 'मी सकाळी उठून दात...' असं म्हणून थांबायची आणि बाबांकडे बघायची. शेवटचा शब्द त्यांनी म्हणायचा. बाबा तिच्याकडे असे बघायचे की जणू गिऱ्हाईक भाव न विचारताच उठून चाललं आहे. एक दिवस डाव्या हातानं त्यांनी कागदच भिरकावला. ती मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, त्यांनी प्रयत्नच सोडला तर पुढे फार कठीण आहे. हे कागद त्यांना परके वाटताहेत. त्यांची स्वतःची वाक्यं आणा. ते घरात जसं बोलायचे, अगदी तशी."

मी आईसमोर बसले. आठवायला लागलो. आणि काय सांगू, आठवेचना! चाळीस वर्षं ज्या माणसाचा आवाज घरात घुमत होता, त्याचं एक अख्खं वाक्य आम्हा मायलेकींना धड सांगता येईना. सूर आठवत होता, चिडणं आठवत होतं, शब्द कुठे गेले कोण जाणे. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, "एकच आठवून राहिलं मले. वरणात मीठ कमी आहे. रोज म्हणत." डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती अळणी ताट त्यांच्यापुढे ठेवायची आणि बाबा मुकाट्यानं जेवायचे. "आता खरंच कमी आहे वं," ती म्हणाली, "तं हा माणूस काही म्हणतच नाही." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मला ग्रुप त्या वेळी आठवला. बाप्पा! बाबा तर सगळे तिथेच पडले होते.

रविवारची दुपार होती. मी ग्रुपवरच्या सगळ्या गप्पा एका फाईलमध्ये उतरवून लॅपटॉपवर घेतल्या आणि बघते तो डोकं गरगरलं. वर्षानुवर्षांची बडबड, हजारो ओळी. सुप्रभातची फुलं, वाढदिवस, भावाच्या बायकोच्या पाककृती, उमरेडच्या आत्याचे आशीर्वाद, आणि त्यात कुठेतरी बाबा. पण एवढं करणं माझ्या हातचं होतं. कारखान्यात प्रत्येक मालाचा एक लांबलचक कोड असतो, अक्षरं आणि आकडे सलग चिकटलेले. त्यातून माप तेवढं किंवा रंग तेवढा वेगळा काढायला मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत छोट्या स्क्रिप्ट लिहायला शिकले होते. कुठून कापायचं ते सांगायचं, कुठवर ते सांगायचं, मधला तुकडा हातात येतो. आजोबांच्या मागावर एकाच ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, चार साड्या सलग विणायचे आणि दोन साड्यांमध्ये थोडी रिकामी जागा सोडायचे, तिथे कात्री चालायची. तसंच हे, फक्त जागा आपण शोधायची.

पहिल्यांदा गाढवपणा केला. ओळीत आधी तारीख, वेळ, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग दोन टिंबं आणि पुढे मजकूर असतो. मी म्हटलं, दोन टिंबांच्या पुढचं कापून दे. वेळेतही दोन टिंबं असतात हे डोक्यातच आलं नाही. स्क्रीनवर मिनिटं, नावं सगळंच सांडलं. मग सुचलं की नावाचा काय संबंध? बाबांचं बोलणं तर कधी आईच्या नावानं आहे, कधी माझ्या, कधी सुट्टीत आलेल्या भावाच्या. त्यांची खूण एकच. 'बाबा म्हणून राहिले.' जिथे हे शब्द सापडतील तिथून, त्यांची लांबी सोडून, ओळीच्या शेवटापर्यंत.

लांबी मी बोटांवर मोजली, शाळेत मोजायचो तशी. पुन्हा फसले. माझ्या हिशेबी 'बा' हे एक अक्षर, पण कॉम्प्युटर काना वेगळा मोजतो, उकार वेगळा मोजतो. कापलेल्या तुकड्यांना पुढे 'राहिले'ची शेपटं लोंबत राहिली. "आता याले पण बाराखडी शिकवू का?" असं मी जोरात ओरडले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणाशी भांडून राहिली वं?" शेवटी लांबी त्यालाच मोजायला सांगितली आणि बटण दाबलं.

आणि बाबा बोलायला लागले.

'पोहोचली का फोन कर.' 'आंबा खट्टा निघाला, त्या दुकानवाल्याले उद्या पाहतो.' 'कळमेश्वरले पाऊस असल तं तिथंच थांब, गाडी दामटू नको.' 'पोट्टे मोठे झाले तं बापाले अक्कल शिकवतेत.' ओळीमागून ओळ स्क्रीनवर वर सरकत होती. आमच्यातलं कुणीच त्यात उरलं नव्हतं. ना फुलं, ना पाककृती, ना माझा वैताग. फक्त त्यांचं बोलणं, त्यांच्या ऐटीसकट. रोज असले तुकडे पाडणारी मी, एका ओळीच्या कामाकडे तोंडात बोट घालून बघत बसले. वाचून दाखवायला लावायचे तेव्हा ज्यांचा राग यायचा, त्यांनी स्वतःच स्वतःला असं नीट जपून ठेवलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. आईला हाक मारली. ती हात पुसत आली, चष्मा लावला, वाचत राहिली. "अवं माय," म्हणाली, "तुह्या बाबाचा आवाज येऊन राहिला मले."

दुसरा तुकडा सोपा होता. प्रत्येक वाक्यातली शेवटची मोकळी जागा शोधायची आणि तिच्या अलीकडचं तेवढं घ्यायचं. शेवटचा शब्द राहू द्यायचा, बाबांसाठी.

संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ बसून मी वाचलं, "पोहोचली का फोन..." आणि थांबले. बाबा भिंतीकडे तोंड करून होते. मी पुन्हा वाचलं. त्यांनी मान वळवली. कपाळावर आठी चढली, तीच जुनी, चुकीचं वाचलं की चढायची ती. आपलं सांगितलेलं कुणी अर्धवट वाचतंय हे त्यांना सहनच झालं नाही. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या, "क... क..." आणि मग स्पष्ट, चिडून, "कर!"

मी हसले की रडले, मला सांगता येत नाही. दोन्ही झालं असावं.

पुढे रोज बसायचो. काही शब्द यायचे, काही अडकायचे. कागद भिरकावणं बंद झालं. थेरपिस्ट खूश होती, पण तिनं मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "हे जुनं, पाठ झालेलं निघतंय, ताई. फार चांगलं आहे. पण मला त्यांचा नवा शब्द हवाय. जो आधी कुठे लिहिलेला नाही, त्या क्षणी त्यांना सुचलेला. तो आला की मी म्हणेन, रस्ता उघडला." मी मान डोलावली, पण मनातून खचले. कारण जे लिहिलेलं आहे ते मी कुठूनही कापून आणू शकत होते. जे अजून बोललंच गेलं नाही ते कुठून आणणार?

आठवडे गेले. नवा शब्द आला नाही. ग्रुपवर सगळे विचारायचे आणि मी 'प्रगती आहे' असं लिहायचे, थेट शाळेतले शब्द.

एका दुपारी बाबा जेवायला बसले होते. आई वाढत होती. मी शेजारी लॅपटॉप घेऊन, वाक्यं मागेपुढे करून वाचत होते, कारण एकाच क्रमानं वाचलं की त्यांना आधीच कळायचं. वाचता वाचता नजर पुढच्या ओळीवर गेली आणि मी अडखळले. मिठाच्या ओळी मी मुद्दाम वगळल्या होत्या, आईसाठी. ही एक कशी कोण जाणे राहून गेली होती. मी ती टाळणार, तोच बाबांनी ताटावर डावं बोट आपटलं. वाच म्हणून. काय करणार! आईकडे न बघता मी वाचलं, "आज पुन्हा वरणात मीठ कमी..."

आई वाढता वाढता थांबली. पळी तशीच हातात.

बाबांनी वरणाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, चांगलं निवांत. मी मनातल्या मनात 'आहे', 'आहे' असं म्हणत होते, त्यांना धक्का देत होते. त्यांचे ओठ हलले. आठी नव्हती.

"चा... चालते."

"काय म्हटलं?" आई.

"चालते," बाबा म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

मी स्क्रीनकडे बघितलं. कापून ठेवलेला शब्द 'आहे' हाच होता. मिठाच्या सगळ्या ओळी मला पाठ होत्या. त्यांतल्या एकीतही त्यांनी कधी 'चालते' म्हटलं नव्हतं. आईनं पळी भांड्यात ठेवली. "जिंदगीभर नाही चाललं," ती म्हणाली, "अन् आता चालते!" आणि पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून उभी राहिली. हसत होती आणि डोळे वाहत होते. मग नाक ओढून मला म्हणाली, "बघत काय बसली? लिही ग्रुपवर."

मी मोबाईल घेतला. 'बाबा म्हणून राहिले, मीठ कमी चालते' एवढं टाइप केलं आणि पाठवायला अंगठा उचलला.

"वाच," बाबा म्हणाले.