सात नंबरची कड

टेपकाकांची मोजपट्टी पाण्याला टेकली की बारीक शिट्टी वाजते. एकवीस वर्षं झाली, तरी ती शिट्टी ऐकली की अजून त्यांच्या अंगावर शहारा येतो. जुन्या इंधन डेपोच्या आवारात जमिनीत खोल उतरवलेले बारा पाइप आहेत. दर सोमवारी प्रत्येकात पट्टी सोडायची आणि पाइपच्या वरच्या कडेपासून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं, हे काकांचं काम. फार पूर्वी इथल्या टाक्या गळल्या आणि पेट्रोल जमिनीत मुरलं. ते कुठं सरकतंय, याचा अंदाज या बारा आकड्यांवरून बांधतात.

"दिवसाला वीतभर चालतं पाणी," काका घरी सांगायचे. "आपण जेवत असतो तेव्हाही चालत असतं."

ताई कौतुकानं ऐकायची. तिचे यजमान, म्हणजे दाजी, हात पुसत हसायचे. "तुझी ती जमिनीखालची नदी एकदा दाखव रे बाबा."

दाजींचं गॅरेज डेपोच्या कुंपणाला लागून असलेल्या गल्लीत होतं, तीस वर्षांचं. कुंपणाच्या अलीकडे सात नंबरचा पाइप. गेल्या वर्षी त्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला आणि ते पेट्रोल डेपोचं की गॅरेजचं, हा वाद पेटला.

शेवटची बैठक काकांच्याच डेपोतल्या खोलीत झाली, कारण वह्या तिथं होत्या. नगर कार्यालयाचे अधिकारी मधे, एका बाजूला डेपोच्या तज्ज्ञ बाई, दुसऱ्या बाजूला भूजल खात्याचे साहेब.

"पाणी उंचाकडून सखलाकडे जातं," बाई म्हणाल्या. "टाक्यांखालच्या पाण्यापेक्षा सातची पातळी सात सेंटिमीटर वर आहे. मग टाक्यांचं पेट्रोल तिकडं चढेल कसं? ते गॅरेजमधूनच आलंय."

"पण सातमध्ये सापडलंय ते टाक्या गळल्या तेव्हाचं, शिसं घातलेलं जुनं पेट्रोल," साहेब म्हणाले.

"गॅरेजही जुनंच आहे."

साहेबांनी वहीतला सातचा आकडा पुन्हा पाहिला. "काकांच्या आकड्यात खोट नसते," एवढंच ते म्हणाले, आणि बाईंनीही मान डोलावली. एरवी काकांची छाती फुगली असती. पण आज त्यांच्याच आकड्यांमुळे दाजींच्या गॅरेजला गुरुवारी सील लागणार होतं.

अधिकाऱ्यांनी सीलच्या आदेशावर सही करायला काकांच्या टेबलावरचं पेन उचललं. काकांची नजर पेनांच्या नळकांड्यावर गेली आणि तिथंच खिळली.

ते नळकांडं म्हणजे पाइपचा तुकडा होता. सहा वर्षांपूर्वी मागे येणाऱ्या ट्रकनं सात नंबरला धडक दिली होती. चेपलेलं तोंड काकांनी करवतीनं सरळ कापलं, वहीत 'पाइप दुरुस्त केला' असं लिहिलं आणि तुकडा चांगला दिसला म्हणून पेनं ठेवायला आणला. कापलेल्या कडेची उंची नव्यानं मोजून घ्यायला हवी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून ते मोजत होते नव्या कडेपासून, आणि हिशेब होत होता जुन्या कडेच्या उंचीवर; म्हणून सातचं पाणी आहे त्यापेक्षा वर दिसत होतं.

"साहेब, सही थांबवा," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "गॅरेज तुमच्या मेहुण्यांचं ना?"

"हो. म्हणून मी हात लावत नाही. तुम्हीच मोजा."

सगळे उन्हात सात नंबरपाशी गेले. बाईंनी नळकांडं पाइपवर ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. पाइपवर पांढऱ्या रंगाचं एक शेपूट उरलं होतं, नळकांड्यावर एक वेटोळं होतं. फिरता फिरता दोन्ही जुळली आणि कडेवर अख्खा सातचा आकडा उभा राहिला. बाईंनी नळकांड्याला पट्टी लावली. अकरा सेंटिमीटर.

"म्हणजे सातचं पाणी सात सेंटिमीटर वर नाही, चार सेंटिमीटर खाली आहे," त्या सावकाश म्हणाल्या. मग गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतःच पाण्याची दिशा दाखवणारा नकाशावरचा बाण खोडला आणि गल्लीकडे वळवला. काका थक्क होऊन बघत राहिले. त्यांच्या टेबलावरच्या टीचभर नळकांड्यानं सहा वर्षं अख्खी नदी उलटी वाहती ठेवली होती, आणि ती मात्र कुणाचं काही न ऐकता आपल्या वाटेनं चालतच होती.

संध्याकाळी ते गॅरेजमध्ये गेले. सील लागणार नाही हे आधी सांगितलं, मग ते लागायची वेळ कुणामुळे आली तेही. दाजी पाना पुसत राहिले. काकांना वाटलं, आता बोलणंच तुटतंय.

"म्हणजे ते पाणी इकडंच येतंय?" दाजींनी शेवटी विचारलं.

"हो. तुमची इथली विहीर उद्यापासून बंद. सातपासून साठ पावलं आहे, मी मोजत आलो. तिच्या पाण्याचा नमुना अजून स्वच्छ आहे."

दाजींनी पाना खाली ठेवला. ते वाकले आणि ऑइलनं काळ्या झालेल्या फरशीवर त्यांनी तळहात टेकवला.

"इथं खाली?"

"तिथंच," काका म्हणाले.

या वेळी दाजी हसले नाहीत. त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला.