सात रिकामे महिने

मुलीच्या कॉलेजसाठी बायको रत्नागिरीला राहायला गेली, तेव्हापासून सौदीतल्या जेद्दाच्या घरातल्या तीन खोल्यांपैकी मी एकच वापरत होतो. गरीब देशांना औषधं पुरवणाऱ्या संस्थेत नोकरी; ऑफिसचं काम घरीही घेऊन यायचो. पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान देशात, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करणारी सेवा गेल्या वर्षापासून उभी राहत होती. तिला येत्या वर्षभरात किती मॉर्फिन लागेल, याचा अंदाज मला काढायचा होता. त्या देशात मी कधी गेलेलो नाही.

पद्धत नेहमीची. मागच्या वर्षीचा वापर घ्यायचा आणि त्यात दहा टक्के वाढवायचे. तक्ता तीनदा तपासला, सही झाली, पाठवला.

चार दिवसांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयातून वापराच्या नोंदी पाठवणाऱ्या नर्सचा फोन आला. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला अंकल म्हणायची.

“अंकल, तुमच्या तक्त्याप्रमाणे आमच्या जिल्ह्यात कुणाला फारसं दुखत नाही. अभिनंदन.”

“वापराच्या नोंदी तुमच्याच आहेत.”

“आहेत ना. सात महिने औषधाचं कपाट रिकामं होतं. वापरणार काय, कपाट?”

मग तिने एका बाईंबद्दल सांगितलं. बाजारात मासे विकायच्या. कर्करोग हाडांपर्यंत गेलेला. आडवं होता येत नाही म्हणून रात्रंदिवस भिंतीला टेकून बसतात. उरलेलं औषध जपून, कमी कमी देऊन अकरा दिवस पुरणार होतं. माझ्या आकड्यापलीकडे राजधानीचं भांडार एक बाटलीही देणार नव्हतं.

औषध नव्हतं ते सात महिने मी गरजच नसल्यासारखे हिशेबात धरले होते. वीस वर्षं हेच काम करणाऱ्याने करू नये अशी चूक. सकाळी साहेबांना लिहून दिलं: अंदाज चुकला, चूक माझी, रुग्णसंख्येवरून काढलेला नवा अंदाज सोबत आहे.

“सही झालेला कागद मागे घ्यायचा?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी माझ्याकडे न बघता नव्या कागदावर सही केली.

दहाव्या दिवशी नर्सचा मेसेज आला. बाटल्या पोहोचल्या. बाई आडव्या होऊन पाच तास झोपल्या.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी म्हटलं, “त्या झोपल्या एकदाच्या.”

“कोण झोपल्या?”

“मासेवाल्या बाई.”

“कुठल्या बाई? अहो, तुम्ही जेवलात का?”

सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तिला मुलीबरोबर बाहेर निघायचं होतं. जेवलो म्हणालो. मग नर्सला लिहिलं, उद्या किती तास झोपल्या तेही कळवा.