कॉर्कच्या म्युझियममध्ये मी मारलेली थाप

नात आयर्लंडला निघाली आहे. "आजोबा, तुम्ही गेलेलात ना? काय बघायचं ते माझ्या ब्लॉगवर लिहा," म्हणाली. लिहितो, पण जसं घडलं तसंच लिहीन.

मी गेलो मालवाहू बोटीवरचा कारकून म्हणून, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना. खरं कारण एकच, लालबागच्या आमच्या मालवणी चाळीत राहवत नव्हतं. थोरला भाऊ अण्णा सत्याग्रह करून दोन महिने तुरुंगात राहून आला होता. सुटला तेव्हा अख्ख्या चाळीने हार घातले, बायकांनी ओवाळलं. सत्याग्रहाला आम्ही दोघे जाणार होतो, पण ऐन वेळी मला ताप भरला. तेव्हापासून मी नुसता 'अण्णाचो भाव'. जळफळाट व्हायचा. नोकरी मिळाली तसा पळालो.

आयर्लंडच्या कोव्ह बंदरात बोट लागली. डोंगरउतारावर रंगीत घरं, वर भलंमोठं चर्च. कायमचे अमेरिकेला गेलेले लोक इथूनच बोटीत चढले. धक्क्यावर जरूर उभं राहावं. छत्री नेऊ नये, वाऱ्याने उलटी होते. रेनकोट बरा.

दुसऱ्या दिवशी किन्सेलला गेलो. तिथला समुद्रकाठचा किल्ला तेव्हा पार पडका होता. आमच्या धडधाकट विजयदुर्गाची आठवण काढून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आता डागडुजी झाली म्हणे. खाण्यात तळलेला मासा आणि उकडलेले बटाटे, मिठाशिवाय मसाला नाही. चहा मात्र आपल्यासारखा कडक.

कोव्हहून कॉर्क आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत. गाडी पाण्याच्या कडेकडेने जाते, खिडकी धरावी. तिथे नदीकाठच्या बागेत म्युझियम आहे. त्यात यांच्या स्वातंत्र्यलढ्याची दालनं. कुणा पाववाल्याची टोपी, कुणा शिंप्याने कोठडीतून लिहिलेलं पत्र, प्रत्येकाखाली नाव. बघून पुन्हा तीच आग. आमच्याकडे फ्लोरा फाउंटनला गोळीबारात माणसं पडली, त्यांची टोपी कुणी ठेवली?

देखरेखीला एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचे वडील तुरुंगात गेलेले. मी मुंबईतल्या चळवळीचं सांगितलं, तसं त्यांनी विचारलं, "तुम्हीही तुरुंगात होतात?"

"हो. दोन महिने."

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला, चहा पाजला. मी अण्णाची कोठडी, अण्णाची पातळ आमटी, सगळं माझं म्हणून सांगितलं. मग त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. मी ऐटीत सही ठोकली आणि खाली चाळीचा पूर्ण पत्ता लिहिला. गाढवपणा तो हाच. आमच्या चाळीत परदेशाहून आलेलं पत्र एकट्याने वाचायची रीत नव्हती. ते गॅलरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं.

घरी आलो आणि आठवड्यात पत्र आलं. पोस्टमनने ते अण्णाच्या हातात दिलं. शेजारच्या काकू ओरडल्या, "विलायतचा पत्र इला! मोठ्यान वाच रे!" बघता बघता गॅलरी भरली.

अण्णाने आधी मनात वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मग सगळ्यांना मराठीत सांगायला लागला, "बाई लिहितात, मुलगा फार गुणी. आमच्याकडे पाऊस थांबत नाही. त्याला आमचे बटाटे आवडले."

"इतक्याच?" काकूंनी विचारलं.

"इतक्याच." घडी घालून पत्र त्याने माझ्या खिशात ठेवलं.

रात्री एकट्याने वाचलं. पाऊस नव्हता, बटाटे नव्हते. सगळं पत्र माझ्या तुरुंगवासाबद्दल होतं.

अण्णाने पुढे कधी विषय काढला नाही, चिडवलंसुद्धा नाही. आता तो नाही. त्याच्या हारांचा, ओवाळणीचा हेवा त्याच दिवशी संपला. पण गॅलरीतल्या त्या गर्दीसमोर, उभ्या उभ्या, त्याला ते बटाटे कसे सुचले, याचा हेवा आजही वाटतो.