मामंजी बुरूज चढले

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गंमत सांगते. सोलापुराहून सर्विस मोटारीनं घरचे सगळे नळदुर्गाचा किल्ला बघायला गेलो. लढायांतल्या जुन्या तोफा उंच बुरजावर अजून आहेत म्हणे, आणि मला तर त्यांना हात लावायचा होता! पण मामंजी दमून पायथ्याशीच बसले. सासूबाई म्हणाल्या, "सासरा खाली आन् सून वर? न्हाय जमायचं."

रीतीप्रमाणे मामंजींशी मी थेट बोलत नसे. म्हणून भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "खरंच की, या वयात कुटं चढवतंय!"

"कुणाला चढवत न्हाय?" मामंजी ताडकन उठले आणि त्या गुडघाभर उंच पायऱ्या चढत सुटले. मागोमाग मी. वर काय तो वारा, आणि काय ती लांबलचक तोफ! मी चक्क तिच्यावर बसले हो!

उतरताना मात्र खाली बघून मामंजी वरच्या पायरीवरच बसले. सुनेचा हात धरायची सोय नाही. शेवटी माझ्या पदराचं टोक मुठीत धरून, डोळे मिटून एकेक पायरी उतरले.

सासूबाई हसून हसून खालीच बसल्या. "आवं, लेकरागत सुनंचा पदर धरलाय की!"

मामंजी डोळे न उघडताच म्हणाले, "पोरगी लई भ्याली होती, म्हणून धरला."