व्याह्यांची रायफल आणि माझी झोप

आमच्या व्याह्यांइतका सावध माणूस चांदवड तालुक्यात दुसरा नाही, आणि आपल्या सावधपणाने दुसऱ्यांना इतका ताप देणारा माणूस तर अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. कांदा, थोडी द्राक्षं, आणि हमरस्त्यापासून बरंच आत मळ्यात घर. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, पण जुन्या वस्तू विकत घ्यायचा त्यांना भारी सोस. नवी वस्तू म्हणजे परका माणूस, असं ते म्हणतात. जुनी वस्तू कुणाच्या तरी घरात नांदलेली असते, तिचा स्वभाव विचारून घेता येतो. घेताना मात्र त्यांचा एक नियम असतो. वस्तू आधी एक रात्र घरी मुक्कामाला आणायची. सकाळी घरातल्या बाईला विचारायचं, "झोप लागली का?" लागली असेल तर घ्यायची. नसेल लागली तर चहा पिऊन परत करायची. कारण विचारायचं नाही.

या नियमापायी त्यांनी किती लोकांना छळलं असेल, त्याची गणती नाही. ओझरच्या एका कामगाराची बदली झाली, त्याचा फ्रीज यांनी टेम्पोत घालून आणला. सकाळी विहीण म्हणाली, "रात्रभर कण्हत होता. घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटलं." फ्रीज त्याच टेम्पोने परत. भिंतीवरचं घड्याळ आणलं, ते ठोके देतं आणि ती मोजत बसते म्हणून परत. ट्रॅक्टर आणला तेव्हा हे स्वतः अंगणात त्याच्या शेजारी खाट टाकून झोपले. विहिणीला झोप लागली, तो ट्रॅक्टर अजून चालतो. आठवडे बाजारात गाय पसंत पडली, तर तिच्या मालकाने यांना हात जोडले. म्हणाला, "दादा, ही गाय हाय, पाव्हणी नाय. न्यायची तर कायमची न्या." हे तसेच रिकाम्या दाव्याने घरी आले.

माझी लेक बघायला आले तेव्हाही हेच. नाशिकला आमच्या दोन खोल्या. पोहे झाले, बोलणी झाली, बाकीचे उठले, हे उठेनात. म्हणाले, "मी आज हितंच मुक्काम करतो म्हणतो." आमच्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. पाहुण्याला जा कसं म्हणायचं? सकाळी तोंड धुऊन ते म्हणाले, "झोप लागली. पक्कं समजा." लग्नानंतर मी त्यांना विचारलं की आमच्या घरात तुम्हाला एवढं काय दिसलं. ते म्हणाले, "तुम्ही पहाटंच मालकांना झापलं ना, पाण्याची मोटर चालू ठेवली म्हणून? पाव्हणा घरात असताना जी बाई आवाज खाली आणत नाय, तिच्या घरात काही झाकलेलं नसतं." ही तारीफ होती की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून, इहीणबाई कधी खोटं बोलायच्या नाहीत, असं त्यांच्या डोक्यात बसलं, आणि पुढे तेच माझ्या गळ्यात आलं.

त्यांच्याकडे वडलांच्या वेळची बारा बोअरची बंदूक होती. दसऱ्याला पेटीतून निघायची, तिला हळदीकुंकू लागायचं, झेंडू वाहायचा, आणि ती परत पेटीत. निवडणूक आली की परवानेवाल्यांना बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते. तेव्हा हे तिला गोधडीत गुंडाळून असे घेऊन जायचे, की बघणाऱ्याला वाटावं लेक सासरी निघाली. मग एकदा तिच्या नळीला चीर निघाली आणि ती कायमची जमा झाली. परवाना तेवढा रिकामा राहिला. रिकामा परवाना फार दिवस टिकत नाही. त्यावर दुसरं हत्यार चढवलं नाही तर तो जातो. त्यात गावाकडे बिबट्यांचा सुळसुळाट. मक्यातून आला आणि यांचा कुत्रा उचलून घेऊन गेला.

एक दिवस फोन आला. "इहीणबाई, रायफल सापडली. नाशकातच हाय. इंपोर्टेड! आता बाहेरून अशी येतच नाय."

"कुणाची?"

"एका साहेबांची. नेमबाजी करायचे. ते गेले, मग परवाना मॅडमच्या नावावर झाला. आता मॅडम लेकाकडं बंगळुरूला चालल्यात."

"आणि तुम्हाला ती कशाला?"

"बिबट्या."

"त्याला मारायची बंदी आहे. जेलात बसाल."

"मारतंय कोण? त्याला नुसतं कळाया पायजे, की ह्या घरात हाय म्हणून."

"कसं कळणार? चिठ्ठी पाठवणार?"

असले प्रश्न ते मनावर घेतात. "बार काढला की कळंल," ते म्हणाले.

"त्याला फटाका पुरतो."

"फटाका परवान्यावर चढत नाय, इहीणबाई."

मग त्यांनी मला ती रायफल समजावून सांगितली. सेमी-ऑटोमॅटिक. एकदा भरली की दर खटक्याला एक गोळी, मध्ये काही करावं लागत नाही. मी विचारलं, जुन्या बंदुकीत काय करावं लागायचं? म्हणाले, दोन बार झाले की मोडायची, भरायची, मिटायची. मी म्हटलं, "मग तीच बरी होती. तेवढ्या वेळात माणसाला अक्कल येते."

फोन ठेवला तो माझं जेवणावरून मन उडालं. मी काही भित्री बाई नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं धक्के खाऊन शिकले. पण ते माझ्या लेकीचं घर. तिथे माझी नात आहे, तेव्हा अजून शाळेत न जाणारी, आणि तिचा एकच छंद: कुलूप दिसलं की किल्ली शोधायची. कपाट म्हणू नका, गल्ला म्हणू नका, तिने एकदा देव्हाऱ्याच्या खणातून चावी काढून धान्याची कोठी उघडली होती. भाजी निवडताना मला ती पोर दिसायची, आणि तिच्या हातात कुठली तरी किल्ली. मी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, तू मध्ये पडू नकोस. आबांचं अजून ठरत नाहीये."

"का ठरत नाहीये?"

"झोपेचं अडलंय."

अडणारच होतं. परवान्यावर चढल्याशिवाय बंदूक घरी आणता येत नाही, आणि घरी मुक्कामाला आणल्याशिवाय हे परवान्यावर चढवणार नाहीत. कलेक्टर कचेरीतल्या कुणाला तरी त्यांनी विचारलंही म्हणे, की एका रात्रीपुरती सवलत मिळते का. त्या माणसाने यांना पाणी पाजून घरी पाठवलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, सरकारने का होईना, अडवलं.

पण आठवडा गेला असेल नसेल, व्याही दारात. हातात मनुक्यांची पिशवी. बसले, चहा प्याले, पावसाचं बोलले, कांद्याचं बोलले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी म्हटलं, "व्याही, मनुका कशासाठी आणल्या ते सांगा."

तेव्हा खाली बघत म्हणाले, "वस्तू माझ्या घरी येत नाय. मी वस्तूच्या घरी गेलो असतो. पर मॅडम एकट्या राहतात, बाप्या माणसानं तिथं मुक्काम करणं बरं दिसत नाय. तवा माझ्या वतीनं तुम्हीच एक रात्र ऱ्हा."

"मी? त्या बंदुकीशेजारी?"

"मॅडमला विचारलंय. या म्हणाल्या. तुम्ही सकाळी सांगाल ते पक्कं."

मला हसावं की मनुका त्यांच्या अंगावर फेकाव्या ते कळेना. मग ध्यानात आलं, की सगळा निकाल माझ्या हातात आला. रायफल लेकीच्या घरात जाणार की नाही, ते आता मी ठरवणार. सकाळी एवढंच म्हणायचं: झोप लागली नाही. कारण कुणी विचारत नाही. मी लगेच पिशवी भरली.

मॅडम गंगापूर रोडला राहायच्या. कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या, केस पांढरे, बोलणं मोकळं. दार उघडून म्हणाल्या, "गिऱ्हाइकं पुष्कळ आली, पण झोपायला आलेलं तुम्हीच पहिलं." त्यांनी लोखंडी कपाट उघडून मला ती दाखवली. मी मनात काहीतरी काळंकुट्ट, भयंकर धरून गेले होते. निघाली बारीक, लांब; लाकूड वापरून गुळगुळीत झालेलं, जुन्या लाटण्यासारखं. वास शिलाई मशीनच्या तेलाचा. मला त्या रायफलीचा रागच आला. वाईट तरी दिसायचं होतं. साहेबांनी तिच्याने कधी पाखरूसुद्धा मारलं नव्हतं, नुसते कागद फोडले होते. मॅडमनी ती परत ठेवली, कपाट लावून घेतलं आणि मला शेजारच्या खोलीत गादी दिली.

गादी अशी मऊ, की मी पाठ टेकली ती एकदम सकाळी दुधाच्या पिशवीवाल्याने बेल वाजवली तेव्हा जागी झाले. गेल्या कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते. माझी मलाच लाज वाटली. ज्या वस्तूच्या भीतीने आठवडाभर घास गोड लागला नाही, तिच्याच शेजारी मी घोरत पडले!

स्वयंपाकघरात गेले तर मॅडम चहा करत होत्या. डोळे लाल. मी सरळ विचारलं, "तुम्हाला झोप लागत नाही का?"

त्यांनी पदराआडून एक किल्ली काढून दाखवली, सेफ्टी पिनेला लावलेली. म्हणाल्या, "रायफल साहेबांची होती. किल्ली माझी होती. मुलगा लहान होता तेव्हा मी जागा बदलायचे. तुरीच्या डब्यात, देवांच्या मागे, उशीच्या अभ्र्यात. कधीकधी मीच विसरायचे, मग सापडेपर्यंत जिवात जीव नसायचा. बहिणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मांडव सोडून रिक्षाने घरी आले होते, किल्ली जागेवर आहे का बघायला. आता घरात कुणी नाही, तरी रात्री हात इथे जातोच."

"आणि साहेब?"

"ते शांत झोपायचे. किल्ली माझ्याकडे आहे, याची त्यांना खात्री होती ना."

मी चहा पिऊन निघाले. रिक्षात बसून दोनदा म्हणून बघितलं: झोप लागली नाही, झोप लागली नाही. चांगलं जमत होतं.

व्याही माझ्या घरी ओट्यावर बसून होते, पिशवी मांडीवर, गुळगुळीत दाढी केलेली. मला बघून उठून उभे राहिले. "झोप लागली का?"

आणि मी म्हटलं, "लागली. मेल्यासारखी."

त्यांचा चेहरा असा फुलला, की मला माझ्याच जिभेचा संताप आला. ऐन वेळेला खोटं बोलता येत नाही, हा काही गुण नाही. निव्वळ सवय नसल्याचा परिणाम. पण मी तिथेच थांबले नाही. म्हटलं, "मला लागली, कारण किल्ली माझ्याकडे नव्हती. जिच्याकडे होती ती रात्रभर जागी. व्याही, तुमच्या घरात किल्ली कुणाकडे राहणार?"

"सूनबाईकडं," ते लगेच म्हणाले. "दुसरं कोण हाय भरवशाचं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुरीचा डबा, उशीचा अभ्रा, अर्धवट सोडलेला मांडव. ते ऐकत होते आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. सांगून झालं तरी बंद सुटला नाही. मला वाटलं, रागावले. व्याह्याला रागावू दे, पण लेकीला बोल लागायला नको, असं मनात आलं.

शेवटी ते म्हणाले, "आमच्या बारा बोअरच्या पेटीची किल्ली तिच्याकडं असायची. कमरेला." ती म्हणजे विहीण. ती जाऊन आता काही वर्षं झाली. "इहीणबाई, मी तिला फ्रीजचं विचारलं. घड्याळाचं विचारलं. ट्रॅक्टरचं विचारलं. बंदुकीचं कधी विचारलंच नाय. ती आधीपासून घरातच होती ना."

मी आत जाऊन पोहे टाकले.

रायफल त्यांनी घेतली नाही. मॅडमना स्वतः जाऊन सांगून आले, मनुका देऊन आले. पुढे ती दुसऱ्या कुणी नेमबाजाने नेली. यांचा परवाना गेला. तो गेला त्या दिवशी हे जेवले नाहीत, असं लेक म्हणाली. बिबट्या अजून येतो. हे गच्चीवर उभे राहून पत्र्याचा डबा बडवतात, लवंगी माळ लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सांगतात की त्याला बरोबर कळलं. मला शंका आहे. भिंतीवर बंदुकीच्या दोन खुंट्या होत्या, दसऱ्याला ती त्यावर टेकवायचे. तिथे आता नातीचं दप्तर लटकतं.

लेक सांगते, आबा हल्ली रोज सकाळी विचारतात, "सूनबाई, झोप लागली का?" घरात नवीन काही आलेलं नसलं तरी विचारतात. तिला त्याचं हसू येतं. मला नाही येत. माझ्या मनात येतं, की विहीण गेल्यापासून या माणसाने जुनी सुईसुद्धा विकत घेतलेली नाही, आणि सगळ्यांना विचारत फिरणाऱ्या या माणसाला सकाळी विचारणारं आता कुणी नाही. म्हणून अधूनमधून मीच फोन लावते. व्याह्याला असं विचारणं रीतीत बसतं का, माहीत नाही. मी विचारते, "व्याही, झोप लागली का?"

ते म्हणतात, "लागली. थोडी लागली."

थोडी लागली तर वस्तू ठेवायची की परत करायची, ते त्यांच्या नियमात कुठेच नाही.